आवाज कापत नाही

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

कंपनीला शुक्रवारची सुट्टी असते आणि आमच्या घरी शुक्रवारी वजन होतं. प्रतीक्षाचं. माझं करायची गरज नाही, मी इथल्या भाषेत सुकट, म्हणजे हाडकुळा आहे. आजचा आकडा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. गेल्या शुक्रवारीही तेवढाच. तीन महिने रात्रीची पोळी बंद, साखर बंद, आणि काटा जागचा हलत नाही. मी बायकोला म्हटलं, कॅन्टीनमध्ये काय खातेस ते एकदा खरं सांगून टाक. ती काट्यावरून उतरली आणि चहा ठेवायला गेली.

म्हणून हे लिहायला घेतलंय. मी वेल्डिंगचे जोड तपासणारा माणूस. आमच्याकडे जी गोष्ट कागदावर नाही ती झालीच नाही असं धरतात. घरातही आता तसंच करायचं ठरवलंय.

बाब अशी, की तिचं सगळं वजन पायांत आहे. कमरेच्या वर चांगली सडसडीत आहे. खाली मांड्या आणि पोटऱ्या पार घोट्यापर्यंत भरलेल्या, आणि पावलं मात्र लहान मुलीची असावीत तशी. 'वरून एक बाई, खालून दुसरी,' असं तीच हसून सांगते. आमच्या मुलीच्या, स्वराच्या, गरोदरपणात पाय वाढले ते उतरलेच नाहीत. जरा कुठे आपटलं की निळं पडतं. दुखतात म्हणते. एवढं वजन पेलायचं तर दुखणारच.

काळजीचं कारण वेगळं आहे. प्रतीक्षा क्रीमच्या ट्यूब भरणाऱ्या कंपनीत लाइनवर आहे, आठ तास उभ्याने. नवीन सुपरवायझरने सांगून टाकलंय, की जी बाई बसलेली दिसेल तिचं नाव लाइनवरून जाणार. हिला ते काम सोडायचं नाही. घरात बसले तर मरून जाईन म्हणाली. तेव्हा तिला उभं राहता आलं पाहिजे, एवढंच उद्दिष्ट.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

केळव्याला सासूबाईंकडे जाऊन आलो. सुगंधाबाई पासष्टीच्या आहेत आणि सुपारीच्या वाडीला अजून स्वतः पाणी लावतात. शेजारची कुणी म्हणाली, की प्रतीक्षाला हत्तीपाय झाला असणार. सासूबाईंनी तिला तिथेच गप्प केलं.

"हत्तीपाय नाय तो. मागं आरोग्यवाले आलेले, रगत घेऊन गेले, काय नाय निघालं. आमच्या घरात बायांचे पाय असेच. माझ्या आयशीचे पन असेच व्हते. दुखतात, पन सांगणार कोनाला?"

मी म्हटलं, तेल जरा कमी करा सगळ्यांनीच. तर म्हणाल्या, "तेल काय पायात जाऊन बसते काय, जावई?" सगळे हसले. मीही हसलो. आजीचे, आईचे आणि लेकीचे पाय सारखे, याची नोंद करून ठेवतो, अर्थ काय ते माहीत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पालघरला डॉक्टर भावना म्हणून एक जुन्या सर्जन आहेत, त्यांच्याकडे गेलो. बाईंनी वजन केलंच नाही. नडगीच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबलं, आणि प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा दाबाने. मला वाटलं ही जरा जास्तच करतेय.

बाई म्हणाल्या, याला लिपेडेमा म्हणतात. चरबीच आहे पण आजारी चरबी, आणि ती दुखते. घराण्यातून येते. "खाऊन झालेली नाही आणि उपाशी राहून जाणारही नाही," हे त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. मी काट्याची वही बरोबर नेली होती, ती पिशवीतच ठेवली.

उपाय म्हणजे लायपोसक्शन. मला वाटायचं ते सिनेमावाल्यांचं काम. बाईंची पद्धत जुनी आहे. आधी पायात सलाइन भरायचं, त्यात बधिर करणारं आणि रक्त थांबवणारं औषध. मग बोथट नळी आत घालून हाताने मागेपुढे करत चरबी ओढून घ्यायची. चार बैठका लागतील, पाय काळानिळा होईल, सूज महिनोनमहिने राहील. सगळं दुखणं जाईल असं मी सांगत नाही, म्हणाल्या. विकायला बसल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या.

येताना रिक्षात प्रतीक्षा रडत होती. मी म्हटलं, रडतेस काय, निदान नाव तर कळलं. ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "त्या काय म्हणाल्या ते तुमी ऐकलंत ना?" ऐकलं म्हणालो. तरी घरापर्यंत तीनदा विचारलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

कोणतंही काम देताना आम्ही दुसरं मत घेतो. बोईसरला नवीन कॉस्मेटिक क्लिनिक झालंय, तिथे डॉक्टर हितेश शुक्रवारी मुंबईहून येतात. तरुण आहेत, बोलायला चोख.

त्यांची पद्धत अल्ट्रासाउंडची. सलाइन भरायचं इथेही आहेच. मग एक प्रोब जातो, त्यातून ध्वनिलहरी निघतात आणि चरबीचं दूध होतं. ते नुसतं ओढून घ्यायचं. रक्त कमी, ओढाताण कमी. एका पायाला एक, अशा दोन बैठका.

प्रोब हा शब्द ऐकला आणि मला माझ्या माणसांत आल्यासारखं वाटलं. सोळा वर्षं माझ्या हातात प्रोब आहे. जोडावर तेल लावायचं, प्रोब फिरवायचा, आवाज पोलादात जातो आणि आतली भेग सांगून परत येतो. चार इंच जाड पोलाद, वर एक ओरखडा उठत नाही. या तपासणीचं नावच आहे विना-नुकसान चाचणी. मी डॉक्टरांना विचारलं, फ्रीक्वेन्सी किती? ते जरा चमकले. असा पेशंटचा नवरा त्यांना भेटला नसावा. म्हणाले, छत्तीस किलोहर्ट्झ. मी चार मेगाहर्ट्झवर काम करतो. म्हणजे माझ्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. माझ्या आवाजाने काही होत नाही, तर याने काय होणार?

प्रतीक्षा सगळा वेळ भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होती. एकीकडे जाड बाई, दुसरीकडे तीच बारीक. "यातली एक तरी लाइनवर उभी राहते का, विचारा," असं हळूच म्हणाली. मी विचारलं नाही, बरं दिसलं नसतं.

मंगळवार, १० डिसेंबर

दोन्हींची तुलना कागदावर उतरवली. जुनी पद्धत: चार वेळा भूल, मार जास्त, सगळं बाईंच्या मनगटावर. बाई साठीच्या पुढच्या. मनगट थकतं, मशीन थकत नाही. नवीन पद्धत: दोन वेळा भूल, चिवट चरबी सहज फुटते, रक्त कमी. तोटा म्हणून डॉक्टर हितेश यांनी दोन गोष्टी सांगितल्या, कधी कधी पाणी साठतं आणि क्वचित भाजतं. क्वचित म्हणजे किती विचारलं तर म्हणाले, प्रोब हलता ठेवला की प्रश्नच नाही.

प्रतीक्षाला कागद वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आमच्या कंपनीत ट्यूबचं तोंड आवाजानेच बंद करतात. अल्ट्रासॉनिक लिहिलंय मशीनवर. ट्यूब आत गेली की चर्रकन चिकटते. मागं एकीचं बोट लागलेलं, भाजून सोलून निघालं."

मी म्हटलं, ते वेगळं.

"वेगळं कसं? आवाज तोच ना?"

मी तिला समजावून सांगितलं, की तिथे दाब असतो, प्लास्टिक असतं, वरून जबडा असतो. आवाज कापत नाही आणि जाळतही नाही, तो नुसता जातो आणि येतो. हे मी रोज करतो. ती म्हणाली, "तुमचा वरून जातो. यांचा आत घालणार हायत." मुद्दा चुकीचा नव्हता, पण सलाइन असतंच की आत, थंड करायला.

मग म्हणाली, त्या पालघरच्या बाई मला बऱ्या वाटल्या. बाईमाणसाला बाई डॉक्टर बरी वाटणारच. एवढ्यावर निर्णय होत नाहीत. शेवटी म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." मी नवीन पद्धतीवर खूण केली.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. अडीच तास. डॉक्टर हितेश बाहेर येऊन म्हणाले, एकदम क्लीन. चरबीची बरणी दाखवली, रक्त खरोखर नावालाही नव्हतं. मला तिथे नाचावंसं वाटलं. सासूबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "डोळे उघडले का तिने?"

सोमवार, २० जानेवारी

पट्टी बदलायला गेलो. घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला रुपयाएवढा डाग आहे, तपकिरी. मार असेल म्हणाली नर्स. मार निळा असतो हे मला प्रतीक्षाच्या पायांवरूनच माहीत आहे. पण लगेच शंका काढायची माझी सवय आहे, म्हणून गप्प बसलो. डाग दुखत नाही म्हणते. चांगली खूण आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डाग काळा झाला, मग फुटला. आत खड्डा आहे. दोनदा मेलेली कातडी कापून काढली आणि दोन्ही वेळा तिला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर हितेश यांनी आज पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून न बसता सांगितलं. प्रोबचं टोक एका जागी आतून कातडीला लागलं. क्षणभरच. तेवढ्यात कातडी भाजली, आणि तिथून जाणारी संवेदनेची नसही. गुडघ्याखाली आतली सगळी बाजू सुन्न आहे. सहा महिन्यांत येईल, वर्षही लागेल, कधी कधी येत नाही.

मी विचारलं, पॉवर किती ठेवली होती? टोक किती सेकंद थांबलं? मशीन शेवटचं कधी तपासलं, दाखला कुठाय? त्यांच्याकडे एकाचंही उत्तर लिहिलेलं नव्हतं. आमच्या कारखान्यात असं काम परत पाठवलं असतं. प्रतीक्षा माझी बाही ओढत होती. "चला ना घरी," म्हणाली, "त्यांना विचारून माझा पाय येणार हाय का?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिच्या रजेचा अर्ज द्यायला तिच्या कंपनीत गेलो. सुपरवायझर मिथुन बिहारचा आहे, माणूस वाईट नाही. "भाभीजी कब आएगी? मेरे ऊपर भी प्रेशर है, भाईसाब," म्हणाला. त्याची सही होईपर्यंत मी लाइनच्या कडेला उभा राहिलो.

ट्यूब तोंड उघडं ठेवून येत होत्या. जबडा मिटायचा, बारीक चर्र व्हायचं, आणि तोंड बंद होऊन ट्यूब पुढे जायची. बसवल्या जागी प्लास्टिक वितळत होतं, ना आग ना धूर. मशीनवर पत्र्याची पाटी होती. पस्तीस किलोहर्ट्झ.

मी ती पाटी तीन-चारदा वाचली. फ्रीक्वेन्सी कमी म्हणजे सौम्य, हे मी कुठून आणलं? माझा आवाज कुजबुजतो म्हणून तो काही करत नाही. जोर असेल तर आवाज वितळवतो, हे या लाइनवरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. प्रतीक्षाने भाजी निवडता निवडता मला सांगितलं होतं. सोळा वर्षांचा अनुभव माझा आणि बरोबर ती.

घरी आल्यावर तिला सांगितलं, की तू म्हणत होतीस ते खरं होतं, चूक माझी. ती म्हणाली, "जाऊ द्या." तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ७ मार्च

भावना मॅडमकडे गेलो. मला वाटलं ऐकवतील. त्यांनी जखम धुतली, वर नवी कातडी लावायला लागेल म्हणाल्या. अल्ट्रासाउंडची पद्धत मुळात वाईट नाही, असंही म्हणाल्या. चिवट जागी ती चांगली चालते, पण नडगीवर कातडी पातळ, तिथे टोक कुठे आहे ते हाताला कळावं लागतं. उजव्या पायावर आता कुणालाही नळी घालू देऊ नका.

"आणि मला उभं कधी राहता येईल?" प्रतीक्षाने विचारलं. बाईंनी आधी पट्टी बांधून संपवली. उभं राहता येईल, म्हणाल्या, पण आठ तास नाही. बूट चावला तरी तुम्हाला समजणार नाही, जखम होईल आणि रक्त दिसेल तेव्हा कळेल. कंपनीसाठी फिट असल्याचा दाखला मी नाही देऊ शकत.

शुक्रवार, ४ एप्रिल

हे लिहवत नाही, तरी लिहितो.

पालघरहून पट्टी करून मोटारसायकलवर येत होतो. ती दोन्हीकडे पाय टाकून बसते. बोईसरच्या हद्दीत शिरल्यावर काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला. आता या गावात वास येणं ही काही बातमी नाही. रोज कुठली ना कुठली कंपनी काहीतरी सोडतेच, नाकावर रुमाल धरायचा आणि पुढे जायचं. मीही तेच केलं. प्रतीक्षाही ओढणी नाकाला लावून म्हणाली, "आज कोण जाळतंय काय माहीत."

सरावलीत आमच्या घराशी उतरली तेव्हा सलवारीचा तुकडा सायलेन्सरला चिकटून राहिला. तिची उजवी पोटरी सायलेन्सरवर टेकलेली होती. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. वीतभर लांबीचा भाग पांढरा पडला होता. ती वाकून बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी. मी तिथे रस्त्यावर बसलो आणि रडलो. तिनेच मला उठवलं.

बुधवार, ९ एप्रिल

क्लिनिकमधून एका मुलीचा फोन आला, ठरल्या यादीप्रमाणे येतो तसा. मी स्पीकरवर ठेवला. "मॅडम, ऑपरेशनच्या आधी पाय दुखायचा, तो आता शून्य ते दहामध्ये किती दुखतो?" प्रतीक्षा म्हणाली, शून्य. "अरे वा," म्हणाली ती मुलगी, "आधी किती होता?" प्रतीक्षा म्हणाली, नऊ. मुलीने अभिनंदन केलं. नऊ होता हे मीही आजच ऐकलं.

मंगळवार, ६ मे

प्रतीक्षाला लाइनवर लावणाऱ्या ठेकेदाराने तिचा गेटपास परत मागितला, तो आज मिथुनकडे देऊन आलो. लाइनवर तिच्या जागी दुसरी बाई उभी होती.

प्रतीक्षा आता दिवसभर घरात असते. सासूबाई केळव्याला चल म्हणाल्या, तर नको म्हणाली. सारखी खिडकीशी बसून असते, डावा पाय स्टुलावर आणि उजवा खाली. मी विचारलं, उजवा वर का नाही घेत? म्हणाली, त्याला काय फरक पडतो.

डाव्या पायाबद्दल मी भावना मॅडमना विचारून ठेवलंय, हाताने करतो म्हणाल्यात. शिवाय मी बरंच वाचतोय. एक पाण्याची पद्धत निघाली आहे. बारीक धार मारून चरबी सुटी करायची, तिच्यात उष्णता जवळजवळ नाहीच. नसांना इजा कमी होते म्हणतात. या वेळी मी दाब, वेळ, सगळं आधी लिहून घेणार आहे. करणाऱ्याने किती पाय केले तेही विचारणार. आज संध्याकाळी चहा पिताना तिला सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या पोटरीवरून हात फिरवत म्हणाली, "हा राहू द्या. दुखतो तेवढाच आता मला माझा कळतो."

मी म्हटलं, अगं, पण आयुष्यभर असंच दुखत राहील. ती म्हणाली, "राहू द्या म्हटलं ना." आणि कप घेऊन आत गेली.

दमली आहे बिचारी, मी जास्त ताणलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी शांतपणे बसून एकदा नीट समजावून सांगेन. ऐकेल ती. इतक्या वर्षांत तिने माझा शब्द कधी मोडलेला नाही.